वसईला मुक्काम का करायचा

डिसेंबर तोंडावर आला की मुंबई-ठाण्यातल्या मित्रमंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवसांच्या सहलीचे बेत शिजू लागतात. चार-पाच जण, ऊन हवं, समुद्र हवा, फिरायला चार जागा हव्यात आणि ताटात मासे हवेत. गोव्याची तिकिटं तोवर महाग झालेली असतात आणि अलिबागच्या वाटेवरची गर्दी सगळ्यांना माहीत असते. अशात कुणीतरी वसईचं नाव काढतं आणि लगेच उत्तर येतं, “वसई? तिथे बघायला आहे काय? आणि मुक्काम कशाला, लोकलनं संध्याकाळी घरी येता येईल की!” बेत तिथेच बारगळतो. फार तर एका रविवारचं रिसॉर्ट ठरतं. सकाळी तरणतलाव, दुपारी बुफे, सातच्या लोकलनं परत.

हे उत्तर चुकीचं आहे, आणि त्यानं वसई-विरारचं नुकसानही केलं आहे. ‘तिथे बघायला काही नाही’ असं मनाशी धरून आलेला माणूस वाळूवर बाटल्या टाकून जातो, कारण त्याच्या लेखी ती जागा कुणाचीच नसते. मग तोच परत जाऊन सांगतो की वसईचे किनारे घाण आहेत. तीस-चाळीस वर्षं हे चक्र चालू आहे. ते मोडायचं तर ‘बघायला आहे काय?’ या प्रश्नाला नीट, नावानिशी उत्तर द्यायला हवं.

या प्रश्नामागे काय आहे ते आधी बघू. मुंबईकरांच्या डोक्यात विरार हे लोकलच्या पाटीवरचं शेवटचं नाव आहे. दाराला लटकलेली माणसं, फलाटावरची रेटारेटी, रस्त्यावरचे टँकर, नालासोपाऱ्याच्या बिनपरवाना इमारतींच्या बातम्या. यातलं काहीही खोटं नाही. २००९ साली वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि आजूबाजूची गावं मिळून महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या बारा लाखांच्या वर होती आणि त्यानंतर ती वाढतच गेली. पण गर्दी हा शहराचा एक गुण झाला, ते त्याचं सगळं चरित्र नव्हे. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅक बेपर्यंत लोकल धावली, तीच मुंबईच्या उपनगरी रेल्वेची सुरुवात मानली जाते. ज्या गाडीमुळे विरारला हिणवलं जातं तिची जन्मकथाच विरारपासून सुरू होते. शिवाय सकाळी मुंबईकडून विरारकडे येणारी गाडी उलट्या दिशेची असते. खिडकी मिळते, आणि नायगाव आलं की दोन्ही बाजूंना खाडी आणि मिठागरं दिसायला लागतात.

सहलीचा पहिला थांबा कुणालाच सुचत नाही तिथे घ्यावा, नालासोपाऱ्याला.

स्टेशनच्या पश्चिमेला, सोपारा गावात, बुरुड राजाचा कोट म्हणून ओळखली जाणारी जागा आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला ढिगारा उकरला आणि आत विटांचा बौद्ध स्तूप निघाला. स्तूपाच्या पोटात दगडी करंडक होता. त्यात एकात एक ठेवलेल्या डब्या, सोन्याची फुलं, बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले तुकडे, यज्ञश्री सातकर्णीचं एक चांदीचं नाणं आणि बुद्धांच्या आठ छोट्या मूर्ती होत्या. ग्रीक दर्यावर्दी ज्याला सुप्पारा म्हणत, आपल्या जुन्या ग्रंथांत ज्याला शूर्पारक म्हटलंय, ते बंदर हेच. श्रीलंकेच्या महावंसात विजय राजपुत्र लंकेला पोचण्याआधी याच बंदराला लागल्याची कथा आहे. आज स्तूपाभोवती वस्ती आहे, चाळींचे पत्रे दिसतात आणि मुलं क्रिकेट खेळत असतात. तरी त्या विटांच्या उंचवट्यापाशी पाच मिनिटं गप्प उभं राहिलं की समुद्राला लागून असलेल्या एका श्रीमंत शहराचा अंदाज येतो.

त्याच वर्षी, त्याच भगवानलालांना सोपाऱ्यात एक काळा दगड सापडला. त्यावर ब्राह्मी अक्षरांच्या काही तुटक्या ओळी आहेत. अशोकाच्या चौदा शिलालेखांपैकी आठव्या लेखाचा तो तुकडा. हा दगड आता मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. दुसऱ्या एका लेखाचा तुकडा १९५६ साली भुईगावात मिळाला.

आठव्या लेखात काय आहे? सोपाऱ्याचा दगड तुटका असला तरी गिरनार, कालसी, शाहबाजगढी इथे हाच लेख बऱ्याच चांगल्या अवस्थेत आहे, म्हणून त्याचा अर्थ पूर्ण लागतो. या लेखाचा विषय आहे सहल. पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघायचे, म्हणजे शिकारीला आणि तशाच करमणुकीला. अशोक सांगतो की राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर तो संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला, आणि तेव्हापासून त्याच्या यात्रा बदलल्या. आता यात्रेत ब्राह्मण-श्रमणांची भेट होते, म्हाताऱ्या माणसांची विचारपूस होते, दान होतं, खेड्यापाड्यातल्या लोकांशी बोलणं होतं. महत्त्वाचं म्हणजे, राजा मौज वाईट आहे असं कुठेच म्हणत नाही. या नव्या यात्रेत जास्त आनंद मिळतो, असं त्याचं म्हणणं आहे.

सहल कशी करावी हा वाद बावीसशे वर्षांपूर्वी ज्या गावात दगडावर कोरून लोकांसमोर ठेवला गेला, त्या गावाबद्दल ‘बघायला आहे काय’ असं विचारायचं धाडस होतं, कारण आपल्याला हे कुणी सांगितलेलंच नसतं. शाळेत अशोक शिकतो आपण, पण कलिंगाचा. सोपाऱ्याचा अशोक पुस्तकात असला तरी एका ओळीत. या लेखाची पूर्ण मराठी भाषांतरासह मोठी प्रतिकृती सोपाऱ्यात, स्तूपाच्या वाटेवर, दिसेल अशी उभी असायला हवी. हे काम महापालिकेनं आणि पुरातत्त्व खात्यानं एकत्र बसून करण्यासारखं आहे आणि त्याला फार मोठा पैसाही लागणार नाही.

आता किल्ला. वसईचा किल्ला ‘बघून झालाय’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. बहुतेकांनी तो पावसाळ्यात एकदा, फोटोसाठी, तासभर बघितलेला असतो. सिनेमांच्या गाण्यांतून, कोल्डप्लेच्या २०१६ च्या गाण्यातून आणि लग्नाआधीच्या फोटोंतून तो एवढा दिसला आहे की तो मागे लावलेला पडदा आहे असंच वाटायला लागलंय. पण हे एक अख्खं शहर आहे. तटाच्या आत शंभराहून अधिक एकर जागा आहे. जमिनीकडचा दरवाजा वेगळा, बंदराकडचा वेगळा, दहा बुरूज, आणि आत फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट पंथांची चर्चं, मठ, कोठारं, रस्ते. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या बहादुरशहानं वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढची दोनशे पाच वर्षं पोर्तुगीजांच्या उत्तरेकडच्या मुलखाची ही राजधानी होती. जुन्या गोव्यातली चर्चं बघायला रात्रभर प्रवास करून जाणारे मित्र त्याच सत्तेचं दुसरं मोठं शहर घरापासून तासा-दीड तासावर असताना बघत नाहीत.

इथे घाई करून चालत नाही. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये जावं. छप्पर कधीच गेलंय, आकाश उघडं आहे, आणि पायाखाली जी फरशी आहे ती थडग्यांची आहे. एकेका दगडावर पोर्तुगीज अक्षरं, कुठे घराण्याचं ढालीसारखं चिन्ह. पावसाळा संपला की अक्षरांच्या खाचांमधलं शेवाळ वाळतं आणि हिरवट-काळ्या रेघांनी नावं उठून दिसतात. सकाळच्या तिरप्या उन्हात ती जास्त नीट वाचता येतात, दुपारी बाराला दगड नुसता पांढरा दिसतो. चौघा मित्रांपैकी एकानं खाली वाकून बोट फिरवत एक साल लावलं की बाकीचे आपोआप दुसरं शोधायला लागतात. हा खेळ अर्धा तास सहज चालतो. पण पाय सांभाळून, कारण ही माणसांची थडगी आहेत.

किल्ल्यातली दुसरी गोष्ट मराठी माणसाला तरी सांगावी लागू नये, पण लागते. १७३७ साली सुरू झालेली वसईची मोहीम चिमाजी अप्पांनी दोन वर्षं चालवली. दलदल, खाडी, तटावरच्या तोफा. शेवटी बुरुजाखाली सुरुंग लावावे लागले, हजारो माणसं पडली. १६ मे १७३९ रोजी तह झाला. तहात पोर्तुगीजांना बायकामुलांसह, शस्त्रांसह, मानानं निघून जायची मुभा होती आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक होती. एवढं रक्त सांडल्यावर जिंकणाऱ्यानं दिलेल्या या अटी आहेत. वसईच्या आजच्या गावांकडे बघताना त्या लक्षात ठेवाव्यात, कारण चर्च, देऊळ आणि दर्गा एकाच रस्त्यावर असणाऱ्या वसईची मुळं इथेही आहेत.

चर्चमधल्या मोठ्या घंटा मराठ्यांनी नेल्या. भीमाशंकरला एक आहे, वाईजवळ मेणवलीत एक आहे, नाशिकच्या नारोशंकर मंदिरात एक आहे. मोठ्या आवाजाच्या माणसाला ‘नारोशंकराची घंटा’ म्हणण्याची रीत नाशिककरांना ठाऊक आहे. ती म्हण वसईहून गेलेली आहे. हे माहीत असलेला माणूस किल्ल्यातल्या रिकाम्या घंटाघराखाली उभा राहतो तेव्हा त्याला दिसतं ते वेगळंच असतं. आणि याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावानं इंग्रजांशी तह केला, पेशवाईनं आपलं स्वातंत्र्य लिहून दिलं. एका जागी एवढी जीत आणि एवढी हार महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच सापडेल.

समुद्राबद्दलचा आक्षेप जास्त ठाम असतो. “पाणी मळकं आहे.” मळकं आहे, खरंच आहे. दक्षिणेला उल्हास नदीचं पाणी वसईच्या खाडीतून उतरतं, उत्तरेला वैतरणा समुद्राला मिळते. दोन्ही मुखांचा गाळ या किनाऱ्यावर येतो. शहराचं सांडपाणीही खाडीत जातं आणि ते थांबलंच पाहिजे, त्याची बाजू कुणी घेऊ नये. पण गाळ आणि घाण या वेगळ्या गोष्टी आहेत. याच गढूळ पाण्यात बोंबील, जवळा आणि कोळंबी होते. याच चिखलात तिवरं उभी आहेत. निळ्या काचेसारख्या पाण्यात बोंबील मिळत नाही. ज्याला बोंबलाचं कालवण हवं आहे त्यानं पाण्याच्या रंगाची तक्रार करणं बरोबर नाही.

पाचूबंदर किंवा अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर सकाळी जाऊन बघावं. बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील जोडीजोडीनं, जबड्यात जबडा अडकवून टांगलेले असतात. ताजा बोंबील काचेसारखा, अंगठ्यानं दाबला तर फुटेल असा. दोन दिवसांच्या उन्हानंतर त्याची कातडी पिवळसर होते, शेपटी आखडते आणि वाऱ्यात तो कागदासारखा वाजतो. विकायला बसलेल्या मावशींना विचारलं की कुठला घेऊ, तर त्या सरळ सांगतात, “ह्यो नाय, ह्यो अजून ओला हाय. त्यो घे.” ऊन हे या किनाऱ्यावरचं काम करण्याचं साधन आहे. ते बघत उभं राहणं हीसुद्धा सहलच आहे. एक मात्र लक्षात ठेवावं, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेनंतर यावं.

आता बुडण्याच्या घटनांबद्दल. कळंब, अर्नाळा, राजोडी, भुईगाव, दर वर्षी कुठून ना कुठून बातमी येते, होळीच्या दिवसांत आणि पावसाळ्यात जास्त. तरुण मुलं जातात. चिंचोटीच्या धबधब्यावरही हेच घडतं आणि पावसाळ्यात प्रशासनाला बंदीचे आदेश काढावे लागतात. यावरून काही लोक म्हणतात की वसई सहलीला धोक्याची आहे. धोका समुद्राच्या न दिसणाऱ्या चालीत आहे आणि ती चाल शिकता येते. किनारा सपाट आहे, म्हणून ओहोटीला पाणी पार लांब जातं आणि भरतीला मागून, बाजूनं, ओहळांतून भरत येतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्याही वर जातो. अष्टमीच्या आसपास भांग असतो तेव्हा तो बराच कमी. कोळीवाड्यातल्या दहा वर्षांच्या पोराला हे पाठ असतं. दारू पिऊन दुपारी तीनला पाण्यात शिरणाऱ्या पाहुण्याला ते कुणी सांगितलेलं नसतं, आणि विचारायची त्याला गरजही वाटलेली नसते. प्रत्येक किनाऱ्यावर त्या दिवसाच्या भरतीची वेळ मोठ्या अक्षरांत लिहिलेला फळा आणि पगारी जीवरक्षक, शक्यतो स्थानिक कोळी तरुण, हवेतच. आणि मित्रांनी एक नियम आपापसांत पाळावा, पाण्यात उतरण्याआधी किनाऱ्यावरच्या कुणा तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, विचारायचं. तो ‘नको’ म्हणाला तर नाही उतरायचं.

सगळ्यात वजनदार आक्षेप मुंबईकडून येत नाही, तो वसईच्या गावांतूनच येतो. “बोलावू नका कुणाला. आले तेवढे पुरे झाले.” हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या वाड्या ज्यांनी आतून बघितल्या आहेत त्यांना हा राग कळतो. रस्त्यावरून आत वळलं की केळी, नारळ, सुपारी, पानवेली, जाई-मोगऱ्याचे ताटवे. आणि वाडीच्या मध्ये बावखल. हा शब्द वसईबाहेर फारसा कुणाला माहीत नाही. बावखल म्हणजे वाडीतलं खोदलेलं गोड्या पाण्याचं तळं, पावसानं भरणारं, जमिनीतले झरे जिवंत ठेवणारं. एके काळी त्यावर रहाट असायचे. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही इथल्या विहिरींचं पाणी गोडं राहिलं त्यात बावखलांचा मोठा वाटा आहे. मग इमारती आल्या, टँकर आले, जमिनीतून पाणी उपसलं गेलं, बावखलं भराव टाकून बुजवली गेली आणि विहिरी मचूळ व्हायला लागल्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हरित वसईची चळवळ उभी राहिली ती यातूनच. फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिच्या अग्रभागी होते. हे नंदाखालचे, ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक, बायबलचा मराठीत अनुवाद करणारे, आणि २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. २०२४ च्या जुलैत ते गेले. आज पश्चिमेला जी हिरवळ शिल्लक आहे ती कुणी दान दिलेली नाही. लोकांनी मोर्चे काढून, मार खाऊन ती राखलेली आहे.

म्हणूनच गाववाल्यांना सांगायचं ते अदबीनं, पण स्पष्ट सांगायला हवं. पाहुणे येतच आहेत. ते थांबणार नाहीत. प्रश्न एवढाच की ते काय बघायला येतात. तरणतलावाच्या भिंतीआड दिवस काढून गेलेला माणूस बावखल बुजलं तर हळहळणार नाही, कारण त्यानं ते बघितलेलंच नसतं. ज्यानं वाडीत बसून राजेळी केळ्याची सुकेळी खाल्ली, तो हळहळेल. सुकेळी ही आगाशीकडची खास वस्तू आहे. पिकलेली राजेळी केळी सोलून कित्येक दिवस उन्हात वाळवायची, रात्री आत घ्यायची, सकाळी पुन्हा बाहेर. शेवटी ती मधाच्या रंगाची, चिवट, बोटांना चिकटणारी होतात आणि वाळक्या पानात गुंडाळून येतात. हिच्यात साखर घालत नाहीत, गोडी सगळी केळ्याची आणि उन्हाची. पण मेहनत फार आणि ती करणारी घरं कमी होत चालली आहेत. चार गिऱ्हाईकं वाढली तर त्या घरांना हवीच आहेत. वाडी विकण्यापेक्षा वाडीतलं विकणं परवडलं तरच वाडी टिकेल.

आणि इथे माणसांचं ऐकायला मिळतं ते तर वेगळंच. कुपारी समाजाची सामवेदी बोली, वाडवळांची वाडवळी, कोळी-मांगेल्यांच्या बोली, मराठीचे इतके आवाज पाच-सात मैलांच्या पट्ट्यात ऐकू येतात. हिवाळ्यात एखाद्या वाडवळाच्या घरी उकडहंडी असेल, कुणा ख्रिस्ती घरी नाताळासाठी फुग्या तळायला घेतल्या असतील. निर्मळला शंकराचार्यांची समाधी आहे आणि कार्तिकात तिथे यात्रा भरते. आजूबाजूच्या ख्रिस्ती गावांतली माणसंही त्या यात्रेत हौसेनं फिरतात. याच मातीतला गोन्सालो गार्सिया जपानला गेला, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर मारला गेला, आणि १८६२ साली संत म्हणून जाहीर झाला. भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत वसईचा आहे, हे वसईबाहेरच्या किती जणांना माहीत असतं?

दुसरा दिवस अर्नाळ्याचा. विरारहून एसटी किंवा शेअर रिक्षानं अर्नाळा गाठायचं आणि किनाऱ्यावरून होडीनं बेटावर जायचं. पल्ला लहान, दहा-पंधरा मिनिटांचा. ओहोटीला पाण्यातून चालत जाऊन होडीत चढावं लागलं तर कुरकुर करू नये, बेटावरची माणसं बाजारहाटाला, दवाखान्याला, शाळेला हेच पाणी ओलांडत आली आहेत. बेटावरचा किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांकडे आला. दरवाज्यावर हत्ती आणि सिंहासारखे प्राणी कोरलेले आहेत आणि पहिल्या बाजीरावाचं नाव सांगणारा मराठी शिलालेख आहे. आत गोड्या पाण्याचं अष्टकोनी तळं आहे, चहूबाजूंनी खारं पाणी आणि मध्ये हे गोडं. याच किल्ल्याचं नाव भारतीय नौदलानं एका पाणबुडीविरोधी नौकेला दिलं आणि १८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणमला आयएनएस अर्नाळा नौदलात दाखल झाली. नौदलाला जे नाव मोलाचं वाटलं, त्या नावाच्या किनाऱ्यावर आपण फक्त उंटावर बसून फोटो काढायला येतो.

डोंगर हवा असेल तर पूर्वेला जीवदानी देवीच्या डोंगराच्या हजाराहून अधिक पायऱ्या आहेत आणि २००३ साली अभयारण्य झालेलं, पंच्याऐंशी चौरस किलोमीटरचं तुंगारेश्वरचं जंगल आहे. दोन दिवसांत हे सगळं होत नाही. होऊ नये.

राहायला रिसॉर्टच घ्यावं, त्याला कुणाची हरकत नाही. पोहावं, खावं, रात्री गाणी म्हणावीत. पण सकाळी सहाला उठून बाहेर पडावं. रिक्षावाल्याशी भाड्यावरून हुज्जत घालण्याऐवजी त्यालाच विचारावं की इथे सुकं मासळीमार्केट कधी भरतं, चर्च कधी उघडं असतं. सोबतच्या पिशवीत आपला कचरा परत न्यावा. महापालिकेनं किल्ल्याशी, सोपाऱ्याच्या स्तूपाशी आणि अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर स्वच्छ शौचालयं, पिण्याचं पाणी आणि मराठीत नीट लिहिलेले माहितीफलक द्यावेत, आणि पुरातत्त्व खात्यानं किल्ल्याच्या भिंतींवर खिळ्यानं नावं कोरणाऱ्यांना दंड करावा. जोडप्यांची नावं पोर्तुगीज थडग्यांच्या अक्षरांशेजारी कोरलेली बघून किल्ल्यावर प्रेम करणाऱ्या कुणालाही रडू येईल.

परतीची वाट लोकलची नको. २० फेब्रुवारी २०२४ पासून वसई ते भाईंदर रो-रो बोट चालू झाली आहे, माणसांसह गाड्याही नेणारी. तिचा धक्का किल्ल्याच्याच बाजूला आहे. सोमवारी सकाळी तिच्यात बसावं. बोट सुटली की थोड्या वेळानं मागे वळून बघावं. पाण्याकडची तटबंदी, तिच्यावर उगवलेली झाडं, बंदराकडच्या दरवाज्याची बाजू, आणि झाडांच्या वर डोकावणारे चर्चचे मनोरे. १७३९ च्या मे महिन्यात तहाची मुदत संपताना पोर्तुगीज कुटुंबं याच पाण्यावरून गेली, तेव्हा त्यांना शेवटचं दिसलं ते हेच, फक्त मनोऱ्यांवरच्या घंटा तेव्हा अजून जागेवर होत्या. भाईंदरच्या धक्क्याला लागेपर्यंत किल्ला दिसत राहतो, आणि चौघांपैकी एक जण तोवर पुढच्या खेपेला निर्मळची यात्रा कधी आहे ते मोबाईलवर बघत असतो.